फॅटच्या फळ्यावरची चार नावं

गयाबाई,

परवा तुमच्या जलदान विधीला विहारापुढच्या मांडवात माझ्या हातात माईक दिला. ‘शेकटरी, तुमी दोन शब्द बोला, तुमचा लई जुना संबंध व्हता.’ मी बोललो. तुम्ही शाळेत किती वर्षं खिचडी शिजवली ते सांगितलं. तुम्ही कष्टाळू होतात, मनमिळाऊ होतात, गावाची न भरून येणारी हानी झाली, हेही सगळं सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी म्हणून उभा जन्म मी दुधातलं पाणी ओळखण्यात घालवला, आणि परवा भरल्या मांडवात मीच पाणी घातलेलं दूध वाटून आलो. तुम्ही असतात तर पदराआडून हसला असतात.

म्हणून हे लिहितोय. वरातीमागून घोडं आहे, तरी लिहितोय.

आधी एक सांगून टाकतो. तुम्ही माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या. तरी गावातल्या सगळ्यांसारखा मीही तुम्हाला ‘ए गयाबाई’ म्हणत आलो, आणि तुम्ही मला ‘आवं शेकटरी’. तुमचं घर भीमनगरात, माझं पाराजवळ. यात काही चुकतंय असं मला कधी वाटलंच नाही. आज कागदावर ‘तुम्ही’ लिहिताना हात अडखळत नाही, पण लाज वाटते. आता ऐकायला तुम्ही नाही.

तुम्ही शाळेत खिचडी शिजवायला लागलात तेव्हा माझी मनी पहिलीत होती. पहिले आठ-दहा दिवस तिच्या दप्तरात घरचा डबा जायचा. तो का जायचा ते मला माहीत होतं, तिच्या आईला माहीत होतं आणि तुम्हालाही माहीत होतं. तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. मग एक दिवस मनी डबा विसरून गेली, की मुद्दाम ठेवून गेली, कोण जाणे. संध्याकाळी उड्या मारत आली आणि म्हणाली, ‘आबा, गयामावशीनं मला इचारलं, तुज्या रेडकाचं नाव काय ठिवलं?’ खिचडी कशी होती ते तिनं सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून डबा बंद झाला.

पुढं शाळेच्या कमिटीवर आलो तेव्हा मी तुमचं वाढणं बघितलं. पळी तळापर्यंत घालून ढवळायची, मग वाढायचं, आणि वाढताना प्रत्येक लेकराला नावानं हाक मारून काहीतरी विचारायचं. ‘इरफान, शेळी व्याली का रं?’ ‘सोनी, दात पडला का हाय आजून?’ ‘बाळू, तुजी आई आली का कारखान्याहून?’ ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या लेकरांपाशी पळी जरा जास्त वेळ थांबायची. हेडमास्तर वैतागायचे. रांग पुढं सरकत नाही, तास बुडतो, म्हणायचे. मीही एकदा तुम्हाला म्हणालो होतो, ‘गयाबाई, वाढायचं काम हाय, मुलाखती घ्यायचं न्हाई.’ तुम्ही म्हणालात, ‘शेकटरी, ह्यातल्या निम्म्या लेकरांना दिवसभरात दुसरं कुणी नावानं हाक मारीत न्हाई.’ मी हसलो. हसणं हा माझा नेहमीचा मार्ग होता, जिथं उत्तर नसायचं तिथला.

आता फळ्याचं लिहितो. ते लिहिल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

डेअरीच्या ओट्यावर, मापाच्या टेबलामागं तो काळा फळा होता. रोज सकाळी त्यावर मी खडूनं लिहायचो. दूध घालणाऱ्याचं नाव, फॅट, डिग्री. कुणाच्या दुधात किती कस, ते सगळ्या गावानं उघड्या डोळ्यांनी वाचावं. आमच्या संस्थेत चोरी नव्हती ती त्या फळ्यामुळं. चेअरमनचं दूध पातळ निघालं तर तेही मी लिहायचो. गावात म्हणायचे, सेक्रेटरीच्या मापाला देवसुद्धा घाबरतो. हे ऐकून माझी छाती फुगायची, खोटं कशाला बोलू.

मग पावसानं एकदा दगा दिला, दुसऱ्यांदा दिला. बोअर आटले. गावातली निम्मी घरं कोयता घेऊन कारखान्यांवर गेली. एका मीटिंगीत चेअरमन म्हणाले, ‘ह्या मातीत आता काय ऱ्हायलं न्हाई. पोरं शिकून भाईर पडली तर जगतील, न्हाई तर त्यांच्या बी हातात कोयता.’ सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. भीती खरी होती, गयाबाई, हे तुम्हीही कधी नाकारलं नाही. त्यावर उपाय मात्र मी काढला. म्हटलं, फळ्याचा उजवा अर्धा भाग पोरांना देऊ. घटक चाचणी, सहामाही, वार्षिक, सगळ्यांचे मार्क लिहू, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. दुधाला उघडं माप लावलं तर दूध सुधारलं. पोरंही सुधारतील.

टाळ्या पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून रांगेत किटल्या घेऊन उभी असलेली माणसं डावीकडं फॅट वाचायची आणि उजवीकडं लेकरं. एखादा बाप तिथंच पोराच्या पाठीत धपाटा घालायचा. शेजारचा म्हणायचा, ‘आमच्या पोरीपरीस बारा मार्क कमी हायत बरं का.’ मी मान खाली घालून पुढच्या किटलीत माप बुडवायचो. मला वाटायचं, बरं चाललंय.

तुम्हाला म्हैस नव्हती, शेळीच्या दुधाला आमची संस्था विचारत नव्हती, त्यामुळं डेअरीवर यायचं तुम्हाला कारण नव्हतं. तरी आलात. रांग संपेपर्यंत ओट्याखाली उभ्या राहिलात. मग फळ्याकडं बोट करून म्हणालात, ‘शेकटरी, म्हशीचं फॅट लिव्हता तिथंच लेकरू लिव्हता?’

‘माप म्हंजी माप, गयाबाई.’

‘बरं. म्हशीचं फॅट कमी आलं तर तुमी म्हशीला काय म्हनता?’

‘म्हशीला काय म्हननार?’

‘तेच की. पेंड कमी पडली म्हनता, चारा वाळका हाय म्हनता, पान्याचे हाल हायेत म्हनता. मालकाला इचारता, काय खाऊ घातलंस. आन् लेकराला मार्क कमी आले की लेकरूच ढ? मालकाला का म्हून कोनी इचारीत न्हाई?’

ओट्यावरचे दोघं-तिघं हसले. मीही हसलो आणि म्हणालो, ‘तू खिचडीचं बघ.’ तुम्ही गेलात. तो वाद तिथंच राहिला. आज इतक्या वर्षांनी त्याचं उत्तर शोधतोय आणि अजून सापडलेलं नाही.

मनी दहावीला होती त्या वर्षी सगळ्यात मोठा दुष्काळ पडला. शाळेमागच्या माळावर आमच्याच संस्थेनं जनावरांची छावणी उघडली. हिरव्या जाळीखाली दावणी, दावणीशेजारी बाजा, आणि बाजांवर माणसं. जनावरापाशी घरातलं एक माणूस पाहिजेच असा नियम होता, आणि तो नियम मीच केला होता. मी संस्थेत अडकलेलो, मनीची आई कंबरेनं अंथरुणाला खिळलेली. म्हणून आमच्या दोन म्हशींपाशी मनी राहिली. जानेवारीपासून. दहावीची पोर. पुस्तकं पेंडीच्या पोत्यावर ठेवायची, टँकर आला की घागरी घेऊन धावायची, मग पुन्हा पुस्तक. मी रोज संध्याकाळी छावणीत फेरी मारायचो. सगळ्या दावणी तपासायचो.

त्या छावणीत मनीचा एक गुण सगळ्यांना दिसला होता. जनावर आजारी पडायच्या आधी तिला कळायचं. ‘त्या काळ्या गाईनं सकाळपासून रवंथ केलं न्हाई, काका, डॉक्टर बोलवा,’ म्हणायची, आणि डॉक्टर यायचे तर खरोखर गाईचं पोट फुगायला लागलेलं असायचं. डॉक्टर म्हणाले, ‘पोरीची नजर भारी आहे.’ चार माणसं उभी होती, तुम्हीही होतात, छावणीतल्या लेकरांसाठी खिचडीचं पातेलं घेऊन आला होतात. मी म्हणालो, ‘ह्याचे मार्क देत्यात का कुटं?’ माणसं हसली. मनीही हसली. तुम्ही एकट्या हसला नाहीत, आणि मला ते तेव्हा दिसलंसुद्धा होतं.

निकालाच्या दिवशी मी घाटनांदूरला जाऊन गावातल्या चारही पोरांचे निकाल कागदावर काढून आणले. मनी दोन विषयांत गेली होती. वाटेत मला रडू आलं की राग आला, आठवत नाही. बहुतेक रागच. दुसऱ्या दिवशी पहाटे फळ्यासमोर उभा राहिलो. पहिली तीन नावं लिहिली, पुढं टक्के लिहिले. खडू थांबला. मापाड्या म्हणाला, ‘आबा, ऱ्हाऊ द्या. आपलीच पोर हाय.’

मी म्हणालो, ‘लोकाचं लिव्हायचं आन् आपलं झाकायचं? ते माज्यानं व्हायचं न्हाई.’

आणि लिहिलं. मनीषा. गणित, इंग्रजी नापास. अक्षर जरा मोठंच आलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण त्या घडीला मला ते अवलक्षण वाटलं नव्हतं. स्वतःच्या पोटच्या पोरीलाही सवलत दिली नाही, बघा किती सचोटीचा माणूस, असं माझं मलाच वाटत होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला न सांगताच कळलं असेल.

रांगेत अकराव्या की बाराव्या नंबरला मनी होती. छावणीतून दूध घेऊन आलेली. पुढची माणसं फळा वाचत होती आणि मागं वळून तिच्याकडं बघत होती. तिचा नंबर आला. तिनं किटली टेबलावर ठेवली. मी दूध मापलं, नमुना काढला, फॅट लावलं, डावीकडं आकडा लिहिला आणि म्हणालो, ‘पुढं.’

दुपारपर्यंत मला वाटत होतं ती छावणीत आहे. छावणीत वाटत होतं ती घरी आहे. चारच्या सुमाराला कळलं की दोन्हीकडं नाही. मग माणसं धावली. आपल्याकडं पोर सापडत नसली की माणसं आधी कुठं बघतात ते सांगायला नको. मी शाळेकडच्या तीन विहिरी बघितल्या, एकेकीत वाकून. तळाला भेगा पडलेला गाळ. ज्या वर्षी गावानं पावसासाठी देव पाण्यात ठेवले होते, त्याच वर्षी मी कोरड्या विहिरीच्या काठावर उभा राहून हात जोडले. या वाक्यावर आयुष्यभर पांघरूण घातलं होतं. आज काढलं.

दिवेलागणीला तुम्ही तिला घेऊन आलात. काखेत सूप, दुसऱ्या हातात मनीचा हात. मागच्या दारानं न येता सरळ पुढच्या दारानं घरात आलात, पहिल्यांदाच. म्हणालात, ‘पोर आनलीय. गोसाव्याच्या मळ्यातल्या हिरीवर बसली व्हती. फळा पुसा, शेकटरी.’

त्या वेळी मी काय म्हणायला हवं होतं ते मला आता पाठ आहे. म्हणालो ते हे: ‘तू मला शिकवू नको.’

तुम्ही मनीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेलात. सूपही तसंच काखेत घेऊन गेलात.

फळा मी पुसला, पण दोन दिवसांनी. आणि पूर्ण नाही. बाकीच्या तीन पोरांचे मार्क चांगले होते, त्यांच्या बापांना ते अजून चार दिवस वाचायचे होते. मी ओलं फडकं घेऊन फक्त मनीचं नाव पुसलं. मला वाटलं, झालं, तिची लाज झाकली. तिसऱ्या दिवशी ती दूध घेऊन आली तेव्हा फळ्यावर तीन नावं होती आणि खाली एक ओली, रिकामी जागा. तिनं ती बघितली. त्यानंतर ती डेअरीवर कधी आली नाही. महिन्याभरात पालीला माझ्या बहिणीकडं गेली. बिंदुसरा धरणाजवळ, तिथं निदान प्यायला पाणी होतं, असं लोकांना सांगितलं. परीक्षेला पुन्हा बसली नाही. तिथंच तिचं लग्न झालं, तिथंच ती म्हशी सांभाळते.

फळ्यावर पुन्हा मार्क लिहिले नाहीत. कुणाचेच. पण मी थांबलो म्हणून गाव थांबलं नाही. फाट्यावर फ्लेक्स लागायला लागले, मोबाईलवर पोरांचे फोटो टक्क्यांसकट फिरायला लागले. एकदा आपण दोघं त्या फ्लेक्सखाली गाडीची वाट बघत उभे होतो. मी म्हणालो, ‘बघ गयाबाई, आता तर ह्यो एवढा मोठा.’ तुम्ही वर बघितलं आणि म्हणालात, ‘फळा पुसता तरी येत व्हता.’

मनी वर्षातून एकदा गावाला यायची. आधी तुमच्या घरी जायची, दिवसभर राहायची. जाता जाता माझ्याकडं तासभर. चहा घ्यायची, कप स्वतः धुऊन पालथा ठेवायची आणि निघायची. परक्याच्या घरी माणूस असंच करतं. तिची आई गेली त्या दिवशीसुद्धा तिनं कप धुऊन ठेवला.

मी तुम्हाला कितीदा विचारलं, त्या दिवशी विहिरीवर तुम्ही तिला काय सांगितलं? असं काय सांगितलं की ती उठून आली? मला वाटायचं, तो एक मंत्र मिळाला की मीही तो म्हणेन आणि पोर परत येईल. तुमचं उत्तर ठरलेलं. ‘ते तिचं हाय. तिला इचारा.’ मी चिडायचो. ‘आगं, पर ती माज्याशी बोलती कुटं?’ तुम्ही म्हणायच्या, ‘तुमी इचारल्यालं कुटं?’

आता सगळ्यात वाईट गोष्ट. गेल्या महिन्यात तुम्ही अंथरूण धरलं तेव्हा बघायला आलो होतो. तुमच्या घरात बाजेशेजारी खुर्चीवर बसलो. दम लागत होता तुम्हाला. बोलू नका म्हणून सून सांगत होती. तरी तुम्ही डोळे उघडून मला म्हणालात, ‘शेकटरी, इचारलं का?’

मी म्हणालो, ‘इचारलं.’

‘मंग? काय म्हनली?’

‘रडली,’ मी म्हणालो. ‘लई रडली.’

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. मरणाच्या दारात असलेल्या माणसाशी मी खोटं बोललो, आणि तुम्ही ते ओळखलंत. तुम्ही तोंड भिंतीकडं वळवलंत. आपलं शेवटचं बोलणं ते. उभा जन्म सचोटीचा टेंभा मिरवला, आणि खोटं बोललो ते नेमकं तिथं.

परवा विधीला मनी आली होती. पांढरी साडी नेसून, तुमच्या सुनांच्या बरोबरीनं पुढं बसली. मी पुरुषांच्या बाजूला शेवटी. विधी झाल्यावर खिरीच्या वाट्या आल्या तेव्हा तिची लेक अनू माझ्याशेजारी येऊन बसली. नऊ वर्षांची आहे. वेणीला पांढरी रिबीन. तिच्याशी काय बोलावं ते मला सुचेना. तुम्ही असतात तर काहीतरी विचारलं असतं तिच्या जगातलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझ्या तोंडातून निघालं, ‘मग अनू, कितवा नंबर आला?’

पोर खुलली. ‘दुसरा!’

आणि मी म्हणालो, ‘आन् पयला कोन?’

तिचा चेहरा कसा उतरला ते मी बघितलं, गयाबाई. या वेळी बघितलं. चमचा वाटीत तसाच राहिला. समोर मनी उभी होती. तिनं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, ‘चल अनू, गाडी चुकल.’

मी त्यांच्या मागं फाट्यापर्यंत चालत गेलो. निंबाखाली तिघं उभे राहिलो. वर यंदाचा फ्लेक्स फडफडत होता. गाडीला वेळ होता. मी म्हणालो, ‘मने, त्या दिवशी गयाबाईनं तुला काय सांगितलं?’

कोणत्या दिवशी, असं तिनं विचारलं नाही. रस्त्याकडं बघतच बोलली.

‘काय सांगितलं न्हाई.’

‘काय तरी बोलली आसंल की.’

‘सूप घिऊन आली. सुपात उद्याच्या खिचडीचा तांदूळ. माज्याशेजारी बसली, पाय आत सोडून, मी बसल्ते तशीच. म्हनली, मने, मला आता बारीक दिसत न्हाई, एवढे खडे निवडून दे माय, न्हाई तर उद्या लेकरांच्या दाताखाली येतील. मी निवडाया लागले. दिवस बुडंपोत्तर निवडत व्हते.’ तिनं अनूची रिबीन सारखी केली. ‘तांदळात एक बी खडा नव्हता, आबा. तिनं आधीच निवडल्याला व्हता. मला पयल्या मुठीतच कळलं. तरी निवडत ऱ्हायले.’

गाडी अजून दिसत नव्हती.

‘मधी एकदाच बोलली ती. म्हनली, तुजी नजर चांगली हाय.’

लांबून गाडीचा आवाज आला. अनूनं पिशवी उचलली. मनी पहिल्यांदा माझ्याकडं वळली. ‘आन् घरी आल्यावर तुमी मला काय इचारलं, ठावं हाय का?’

‘काय?’

‘संध्याकाळचं दूध कोनी घातलं.’

मला ते आठवत नाही. शपथेवर सांगतो, आठवत नाही. गणित, इंग्रजी आठवतं, रांगेतला तिचा नंबर आठवतो. तिच्या किटलीतल्या दुधाचं त्या सकाळचं फॅटसुद्धा आठवतं. पण हे वाक्य माझ्याकडं नाही. ते तिच्याकडं आहे, इतकी वर्षं.

गाडी थांबली. दोघी चढल्या. अनू खिडकीशी बसली. मला तिला काहीतरी विचारायचं होतं, तुम्ही विचारायच्या तसं, शेळीचं, दाताचं, रेडकाचं. पण तिच्या जगातल्या एकाही गोष्टीचं नाव मला माहीत नव्हतं. तिच्या घरच्या म्हशीला काय म्हणतात तेसुद्धा नाही. मनीनं हात हलवला नाही. गाडी गेली. मी निंबाखाली उभा राहिलो, मग मागं फिरलो.

तुम्ही विचारलं होतंत. त्या दिवशी मी खोटं सांगितलं. खरं उत्तर द्यायला आता तुम्ही नाही, तरी देतो.

इचारलं, गयाबाई. ती रडली नाही.